दाढीवाल्याने न लिहिलेलं पान

माझ्या संसारात कायम एक तिसरा माणूस राहिला, आणि तो आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी मेलेला. आता मेलेल्याशी भांडायचं कसं, सांगा! जिवंत असता तर दारातूनच वाटेला लावला असता. हा जेवताना मध्ये, झोपताना उशाशी, आजारपणात औषधाच्या बाटल्यांशेजारी. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्याचा फोटो आहे. छातीपर्यंत दाढी, आणि डोळे असे की समोरचा आत्ताच काहीतरी मूर्खासारखं बोलून गेलाय. खरं नाव लांबलचक आहे आणि जगभर माहीत आहे म्हणतात. असेल. आमच्या घरात तो दाढीवाला.

मी चष्मेवाला. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. साहित्याशी माझा संबंध म्हणाल तर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, तेवढाच. ही, म्हणजे माझी बायको, लग्नाआधी बंदरावरच्या एका परदेशी कंपनीत टायपिस्ट होती. तिथे ती त्यांची भाषा शिकली, आणि तिथेच कुणी खलाशी टेबलावर विसरून गेलेलं दाढीवाल्याचं पुस्तक तिच्या हाती लागलं. एका नदीवरच्या पुलाची कादंबरी. पुलाच्या तोंडाशी चौकी, चौकीत जकात घेणारी बाई, तिचा नवरा लांब खाणीत कामाला गेलेला, आणि पुलावरून येणारी-जाणारी सगळी दुनिया. बस, एवढंच. पण हिने ते वाचलं आणि त्या पुलावरून ही परत म्हणून आली नाही.

पुस्तक आपल्या भाषेत आणायचं हिच्या डोक्यात बसलं. एकदा हिच्या डोक्यात काही बसलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही काढता यायचं नाही. कामाची पद्धतही जगावेगळी. माझं काच घासायचं मशीन सुरू असलं की दुकानात कानठळ्या बसतात. नेमकी तेव्हाच ही मागच्या खोलीतून कागद घेऊन यायची आणि त्या आवाजावर आवाज चढवून वाक्य वाचायची. मी मशीन बंद केलं तर वाक्य पास. घासतच राहिलो तर पाय आपटत परत आत. मी म्हणायचो, "अगं बाई, मला काय कळतंय त्यातलं?" तर म्हणायची, "कळत नाही म्हणून तर तुम्हाला वाचून दाखवते."

छापायची वेळ आली तेव्हा हिने दाढीवाल्याच्या पुतण्याकडे रीतसर परवानगी मागितली. हक्क त्याच्याकडे. त्याने कळवलं, तुमच्या भाषेत एका प्राध्यापकांचं अधिकृत भाषांतर आहे, दुसऱ्याची गरज नाही. ते अधिकृत भाषांतर मी उघडून पाहिलं. त्यात पुलावरची बाई गाडीवानाला म्हणते, "कृपया शुल्क प्रदान करावे." आमच्या हिची बाई म्हणते, "पूल काय तुझ्या सासऱ्याने बांधलाय? टाक पैसे!" आता तुम्हीच सांगा, नदीच्या वाऱ्यात उभी राहणारी बाई कशी बोलेल?

हिने हाय खाल्ली नाही. छापायचं नाही ना, नाही छापत. वाचायला कुणाच्या बापाची परवानगी लागते? दुपारी दुकान बंद असायचं त्या वेळात बायका जमायला लागल्या. समोरच्या शिवणवाल्या मावशी, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स, आणखी दोघीतिघी. ही वाचायची, त्या ऐकायच्या, आणि मी फ्रेम पुसत असल्याचं सोंग करायचो. पुस्तक संपलं की काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. कागद मऊ पडले, शाई उडाली, की ही सगळं नव्याने स्वच्छ लिहून काढायची. असं किती वेळा झालं देव जाणे.

त्या पुस्तकात एक पान होतं. बाईचा नवरा खाणीतून परत येतो त्या संध्याकाळचं. हिने ते मला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा मी मशीन बंद केलं ते दिवसभर सुरूच केलं नाही. त्या पानासाठी मी दाढीवाल्याला सगळं माफ केलं. हिला चिडवायचो, "बाकीचं राहू दे, पण या पानाला आपला साष्टांग नमस्कार. असं तुला सात जन्मांत लिहिता यायचं नाही." ही नुसती हसायची.

मग कायद्याचं कळलं. लेखक जाऊन ठरलेली वर्षं उलटली, की नव्या वर्षाच्या पहिल्या तारखेपासून त्याचं पुस्तक सगळ्यांचं होतं. पुतण्याचा हक्क संपला, प्राध्यापकाची मिरासदारी संपली. ज्याला हवं त्याने छापावं, भाषांतर करावं, नाटक करावं. लोक माणसाच्या जगण्याची वर्षं मोजतात, ही दाढीवाल्याच्या मरणाची मोजत बसली. आणि अखेर मोजणीतलं शेवटचं वर्ष उजाडलं. माझ्या एक गिऱ्हाईक होत्या, जाड भिंगांच्या, पुस्तकं छापणाऱ्या. चष्म्याची काडी बसवायला आल्या, बसल्या बसल्या हिच्या कागदांतली चार पानं वाचली, आणि काडी तशीच विसरून कागद घेऊन गेल्या. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी पुस्तक काढायचं ठरलं. त्या रात्री ही मला म्हणाली, "अहो, आता मेले तरी चालेल." मी म्हटलं, "आधी छापून तर येऊ दे."

वर्ष संपत आलं होतं. एके दिवशी प्रकाशकबाई आल्या, एका हातात मूळ पुस्तक, एका हातात हिचे कागद.

"काकू, रागावू नका. नवरा परत येतो ते पान मला मूळ पुस्तकात सापडत नाहीये."

"नीट बघ," ही म्हणाली. "चष्मा तपासून घे."

"चष्मा मी दिलाय," मी म्हटलं. "चष्म्यात काही खोट नाही."

हिने आपली जुनी प्रत आणली. पानं उलटली, पुन्हा उलटली. पान फाटलं असेल म्हणावं तर आकडे सलग. दुसऱ्या दिवशी मला घेऊन मोठ्या वाचनालयात गेली, दुसरी आवृत्ती काढायला लावली. त्यातही नाही. परत येताना फुटपाथवर मध्येच थांबली आणि माझी बाही घट्ट धरली.

"अहो. ते पान मी लिहिलंय."

"तू? कधी?"

"तुम्ही दुकानात नव्हतात त्या दुपारी मावशींनी पिच्छा पुरवला होता," ती म्हणाली. "नवरा आला, पुढे काय बोलले दोघं, ते सांग, त्याशिवाय उठणार नाही म्हणून बसल्या. मग लिहून टाकलं एक पान, त्यांच्यापुरतं. तुम्हालाही वाचून दाखवलं. तुम्ही दाढीवाल्याचं इतकं कौतुक करायला लागलात, म्हटलं राहू दे, कशाला सांगायचं. मग राहूनच गेलं. दर वेळी लिहून काढताना तेही लिहीत गेले. हळूहळू मलाही ते त्याचंच वाटायला लागलं."

मला आधी रागच आला. इतकी वर्षं मी कुणाला साष्टांग नमस्कार घालत होतो? पण ही माझ्याकडे बघतच नव्हती. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"एक पान घुसडलं आणि माझं मलाच कळलं नाही. आणखी कुठे कुठे घुसडलं असेल? प्रकाशकबाईंना सांगा, छापू नका."

"वेड लागलंय का तुला?" मी भर रस्त्यात ओरडलो. "उभं आयुष्य घातलंस त्यात!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

प्रकाशकबाईंनी खूप समजावलं. "काकू, पान सुंदर आहे. राहू द्या. आता हक्क कुणाचाच राहणार नाही, विचारणार कोण?"

"विचारणारं कुणी नाही म्हणूनच आपण आपल्याला विचारायचं. पुस्तक मोकळं झालं, बेवारस नाही झालं," असं म्हणून ही आत निघून गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं झालं. छापखान्याची तारीख जवळ येत चालली. ही जेवेना, बोलेना. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. दुकानावर 'उद्या या' अशी पाटी लावली, मशीनवर फडकं टाकलं आणि हिला उठवून टेबलाशी बसवलं.

"मूळ पुस्तक तू धर. तुझं मी वाचतो. शब्दाला शब्द लावून बघ. जिथे तुझं काही घुसलं असेल तिथे मला थांबव. सगळं साफ निघालं तर मुकाट्याने छापायला द्यायचं."

"तुम्ही वाचणार? सगळं?"

"मग काय दाढीवाल्याला बोलावू?"

आणि वाचायला लागलो. इतकी वर्षं मी ते पुस्तक तुकड्यातुकड्याने ऐकलं होतं, मशीनच्या आवाजातून, फ्रेम पुसता पुसता. सलग असं कधी नाही. आता माझ्याच तोंडून ते बाहेर पडायला लागलं आणि मी हळूहळू गप्प झालो, म्हणजे मधली बडबड बंद झाली. एके ठिकाणी नदी गोठते. लोक बर्फावरूनच पलीकडे जातात, पुलाकडे कुणी फिरकत नाही. तरी बाई रोज संध्याकाळी चौकीतला कंदील लावते. कुणी विचारतं, कशाला? तर म्हणते, "पुलाला वाटायला नको, आपलं काम संपलं म्हणून." मी थांबलो आणि उगाच चष्मा पुसायला लागलो.

"हे त्याचं की तुझं?" मी विचारलं.

"त्याचं," ही म्हणाली. "शब्दन् शब्द."

"खरंच?"

"अहो, खरंच."

म्हटलं, दाढीवाल्या, मानलं तुला. कुठला तू, कुठली ती नदी, माझ्या जन्माआधी कागदावर उतरवलंस आणि मी इथे चष्म्याच्या दुकानात बसून डोळे पुसतोय. अशी माणसं वर्षानुवर्षं एका पुतण्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवायची म्हणजे काय! बरं झालं कायद्याने कुलूप काढलं. मी हिच्याकडे बघितलं. ती पुस्तकावरून बोट फिरवत होती, एकेक ओळ, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग येत होता. सगळं जुळत होतं. सासऱ्याने बांधलेला पूलसुद्धा जुळला. मुळात काकाने बांधलेला होता, ते हिने काका-सासरे प्रकरण मला समजावून सांगितलं आणि मी ते पास केलं.

वाचत वाचत आम्ही त्या जागी आलो. संध्याकाळची वेळ आहे. एक माणूस पूल ओलांडून चौकीशी येतो आणि जकात द्यायला हात पुढे करतो. बाई हाताकडे बघते, तोंडाकडे बघत नाही. पैसे घेते आणि आडवा बांबू वर उचलते. तिथे दाढीवाल्याचं प्रकरण संपतं. पुढचं प्रकरण सुरू होतं ते असं: त्या वर्षी पानगळ लवकर लागली, आणि दोघं मिळून चौकीचं छप्पर शाकारत होती. मधलं काही नाही. तो घरी आला, ती काय म्हणाली, एक अक्षर नाही.

"बघा ना काय छाती त्याची," ही म्हणाली. "सगळं पुस्तक ज्यासाठी वाट बघत बसतं, तेच लिहिलं नाही. मला जमलं नसतं. मला गप्प बसवलंच नाही."

मी तिचं पान हातात घेतलं आणि वाचलं. नवरा चौकीत येतो, इकडेतिकडे बघतो. बाई म्हणते, "तुझी खुर्ची मी विकली. त्या हिवाळ्यात सरपणाला पैसे नव्हते. ही माझी आहे, हिच्यात बस. मला उभं राहायची सवय झालीये." तो बसत नाही. खुर्चीच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती, दोघं कंदील विझेपर्यंत उभी राहतात.

"हे तुला सुचलं कुठून?" मी विचारलं.

ती म्हणाली, "तुम्ही काचेच्या कारखान्यातून परत आलात, तेव्हाचं आहे."

लग्नानंतर लगेचच मी लांबच्या एका कारखान्यात काम धरलं होतं. दुकान टाकायचं तर पैसा हवा होता. वर्षावर वर्षं गेली. परत आलो ती संध्याकाळ मला आठवत होती, पण खुर्च्या आठवत नव्हत्या.

"दोन होत्या," ती म्हणाली. "एक विकली होती. आठवडाभर मनात घोकलं होतं, आले की हे सांगायचं, ते सांगायचं. तुम्ही दारात आलात, पिशवी ठेवलीत आणि म्हणालात, 'चहा टाकतेस?' मी चहा टाकला."

ज्या पानावर मी जीव टाकला होता ते माझ्याच घरात घडलं होतं, आणि त्या खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला मी स्वतः उभा होतो. मी पान खाली ठेवलं. ती म्हणाली, "वाचा पुढे, अजून बरंच आहे," आणि मी वाचलं.

बाकी सगळं साफ निघालं. ते एक पान काढून हिने पुस्तक छापायला दिलं. मी म्हटलं, "इतकं चांगलं पान काढतेस? जीव तुटत नाही?" तर म्हणाली, "त्याने जागा मोकळी सोडली म्हणून तर मावशी भांडल्या. मी तिथे माझी संध्याकाळ भरून टाकली. आणखी कुणाची वेगळी असेल की नाही?"

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. बाजारात त्याच दिवशी पुलाच्या कादंबऱ्या नुसत्या उगवल्या होत्या. कुणी चित्रांची काढली होती, कुणी शाळेच्या मुलांसाठी आटोपशीर केली होती, प्राध्यापकांचं शुल्कही नव्या कव्हरात प्रदान झालं होतं. आणि आमच्या हिची. कव्हरवर दाढीवाल्याचं नाव वर, हिचं खाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याचा फोटो नीट पुसून काउंटरवर ठेवला.

ही वाचायला बसली. मावशी, नर्स आणि नव्या कितीतरी बायका, दोनचार पुरुषसुद्धा. प्रकाशकबाई मागे भिंतीला टेकून. बाईने बांबू उचलला, ही थांबली, पान उलटलं आणि वाचलं, "त्या वर्षी पानगळ लवकर लागली."

"थांब, थांब!" मावशी ओरडल्या. "आमचं पान कुठाय?"

हिने सगळं सांगितलं. मी लिहिलं होतं, त्याचं नव्हतं, म्हणून काढलं.

"अगं पण आम्हाला ते तोंडपाठ आहे! त्याचं आता काय करायचं?"

"तोंडपाठ राहू दे," ही म्हणाली. "पण पुस्तक आता सगळ्यांचं झालंय. तुम्हीच सांगा, तुमची बाई काय म्हणाली असती?"

झालं! मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं झालं. नर्स म्हणाली, "माझी म्हणाली असती, आधी हात धू, खाणीतून आलायस." मावशी म्हणाल्या, "माझी तर दारच उघडणार नाही! इतकी वर्षं कुठे होतास, बस बाहेर." कुणी म्हणालं ती रडली असेल, कुणी म्हणालं छे, रडणारी नव्हेच ती. मागून एक अनोळखी मुलगी हळूच म्हणाली, "ती काहीच बोलली नसेल." सगळ्या तिच्याकडे वळून बघायला लागल्या. मला वाटलं, दाढीवाला इथे असता तर त्याला काय आनंद झाला असता. हे सगळं त्याच्या त्या न लिहिलेल्या जागेत मावत होतं.

मी काउंटरमागे उभा होतो. हिच्या वाचनात मी कधी तोंड उघडलेलं नव्हतं. पण शेवटी मला राहवेना.

"ती काय म्हणाली ते तुम्ही सांगितलंत," मी म्हटलं. "तो काय म्हणाला ते मी सांगू का?"

"बघा, चष्मेवाल्यांना कंठ फुटला," मावशी म्हणाल्या. "सांगा की! पुस्तक काय आमच्या एकट्यांचं आहे?"

सगळे हसले. ही हसली नाही. पुस्तकावर बोट ठेवून तशीच बसली होती, माझ्याकडे बघत.

"ती म्हणाली, माझ्या खुर्चीत बस, मला उभं राहायची सवय झालीये. तर तो म्हणाला," माझा आवाज फुटला, मी पुन्हा सुरुवात केली. "तो म्हणाला, मी बसायला आलोच नाही. तू इतकी वर्षं एकटी उभी होतीस. मी तुझ्याजवळ उभं राहायला आलो."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. हिने पुस्तकावरचं बोट उचललं.

"हे तेव्हाच म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर मला ते पान लिहावंच लागलं नसतं."

मग तिने चष्मा सारखा केला आणि पानगळीचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.